तन्नाचं स्वागत, एरोमांगोची हत्या: वानुआटूत जुन्या चित्रांच्या मागावर

रविवार, पोर्ट व्हिला

सिडनीहून निघालेलं विमान दुपारी पोर्ट व्हिलाला, दक्षिण प्रशांत महासागरातल्या वानुआटू या बेटांच्या देशाच्या राजधानीत, उतरलं. गावातली मंडई बंद, दुकानं बंद, रस्त्यावर फक्त चर्चमधून घरी परतणारी माणसं. बायकांच्या अंगात ढगळ, झालरी लावलेले रंगीबेरंगी झगे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी अंग झाकण्यासाठी आणलेला हा पोशाख. आज इथल्या बायका तो अभिमानाने ‘आयलंड ड्रेस’ म्हणून घालतात, सणासुदीला नवे शिवून घेतात. बाहेरून लादलेली गोष्ट लोक कशी आपली करून टाकतात, ते पहिल्याच तासात दिसलं.

सोबत माझा आतेभाऊ आहे, तो सिडनीतच राहतो. माझ्या पिशवीत काही जुन्या चित्रांच्या प्रती आहेत आणि हा सगळा प्रवास त्यांच्यासाठी आहे. त्यातली दोन जोडीची आहेत. जॉर्ज बॅक्स्टर नावाच्या लंडनच्या मुद्रकाने ती १८४१ मध्ये रंगीत छापली. पहिल्यात जॉन विल्यम्स हा मिशनरी तन्ना बेटावर उतरतोय आणि लोक त्याचं स्वागत करताहेत. दुसरं त्याच्या पुढच्या दिवसाचं, २० नोव्हेंबर १८३९ चं: शेजारच्या एरोमांगो बेटाच्या किनाऱ्यावर, पाण्यातच, तेच विल्यम्स आणि त्याचा सोबती हॅरिस यांच्यावर सोटे उगारलेली माणसं. बॅक्स्टरने ही बेटं पाहिलेली नव्हती. ऐकीव हकिकतीवरून केलेली ही दोन चित्रं इंग्लंडमध्ये मिशनच्या देणगीदारांच्या घरोघरी गेली. एका बेटाला गुणी आणि दुसऱ्याला क्रूर ठरवायला एवढं पुरलं.

मुंबईत मी जुन्या छायाचित्रांच्या जतनाचं काम करते, त्यामुळे ही तऱ्हा मला परकी नाही. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ च्या दरम्यान मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यात माणसांचे फोटो एकीकडे काढलेले आणि मागची मुंबई दुसरीकडून आणून जोडलेली. आपली माणसं आहेत त्यात. पागोटी, नऊवारी, दागिने सगळं अगदी स्पष्ट दिसतं. पण ती ज्या जमिनीवर उभी दिसतात, तिथे ती उभी नव्हती. त्या पानांची सवय झाल्यापासून वसाहतीच्या काळातलं कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी बघते, काढणारा कुठे उभा होता.

सोमवार, पोर्ट व्हिला

सकाळी राष्ट्रीय संग्रहालय. संसदेच्या समोर, उंच छपराची इमारत, तिच्यातच वानुआटू कल्चरल सेंटर. आत शिरताच अँब्रिम आणि मालाकुला बेटांवरचे उभे ढोल: अख्खं खोड पोखरून केलेले, माणसापेक्षा उंच, वरच्या टोकाला गोल डोळ्यांचा चेहरा. समोर एक संग्रहालय सेवक वाळू पसरून बसला होता. त्याने आडव्याउभ्या रेघांची जाळी आखली आणि मग एक बोट टेकवून, न उचलता, वळणं घेत घेत पुन्हा सुरुवातीच्या जागी आणलं. जाळीवर कासव उमटलं. ठिपक्यांची रांगोळी घालताना आजीचा हात असाच चालायचा, आधी चौकट आणि मग तिच्याभोवती फिरणारी रेघ. पण इथे रेघेबरोबर गोष्ट चालते. रेघ संपते तिथे गोष्टही संपते आणि मग हात फिरवून सगळं पुसून टाकतात. २००३ साली युनेस्कोने या वाळूचित्रांना मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

ही चित्रं सर्वांत आधी कसोशीने कागदावर उतरवणाऱ्यांत बर्नार्ड डीकन हा केंब्रिजचा तरुण अभ्यासक होता. १९२७ मध्ये मालाकुलावरच तापाने गेला, वय अवघं चोवीस. त्याच्या टिपणांचं पुस्तक १९३४ मध्ये निघालं आणि त्याच्या उपशीर्षकात मालाकुलाच्या लोकांना ‘लोप पावत चाललेले’ म्हटलं होतं. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक लेखकाने हेच लिहिलं. साथीचे रोग आणि मजुरांची वाहतूक यांनी माणसं खरोखरच भयंकर संख्येने मेली होती, तेव्हा ही भीती निराधार नव्हती. १८६३ ते १९०४ या काळात एकट्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांसाठी मेलानेशियाच्या, म्हणजे या भागातल्या, बेटांवरून मजुरीचे सुमारे ६२ हजार करार झाले, कित्येक जण फसवून किंवा पळवून नेलेले. पण ‘हे आता संपणारच’ असं एकदा ठरवलं की त्यांच्या वस्तू, कवट्या, मुखवटे उचलून नेणं हे पुण्याचं काम वाटू लागतं. युरोपची संग्रहालयं अशीच भरली. २०२० च्या जनगणनेत वानुआटूची लोकसंख्या तीन लाख भरली आणि इथे शंभराहून अधिक भाषा आजही बोलल्या जातात.

दुपारी चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांच्या संग्रहाकडे गेले. कामाची पद्धत बघायची होती, ती तिथल्या कर्मचाऱ्याने मनापासून दाखवली. एका दारापाशी मात्र तो थांबला. ती ‘टाबू’ खोली. ज्या बेटाने, ज्या कुळाने आपला विधी चित्रित करायला दिला, त्यांच्या अटींसह ती चित्रफीत तिथे ठेवलेली असते. काही फक्त पुरुषांनी बघायच्या, काही फक्त बायकांनी, काही एका विशिष्ट दर्जाला पोचलेल्यांनीच. त्याने नम्रपणे सांगितलं, यातलं बरंच तुम्हाला पाहता येणार नाही. आतेभाऊ म्हणाला, “ताई, एवढ्या लांबून आलीस, विचारून तरी बघ.” मी विचारलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आज्यापणज्यांची छायाचित्रं हाताळलीत मी. त्यातल्या एकाही माणसाला ‘हे कोणी बघावं’ असं कोणी विचारलं नव्हतं. इथे तो प्रश्न दारावरच विचारला जातो, हे मला फार मोलाचं वाटतं.

हे आपोआप झालेलं नाही. ब्रिटन आणि फ्रान्स या दोघांनी मिळून १९०६ पासून चालवलेल्या वसाहतीतून ३० जुलै १९८० रोजी हा देश सुटला. १९८५ मध्ये त्यांनी परदेशी अभ्यासकांच्या सामाजिक संशोधनावर बंदी घातली आणि ती १९९४ पर्यंत ठेवली. त्या काळात गावोगावच्या लोकांनाच आपली परंपरा नोंदवायला शिकवलं. त्यांना इथे ‘फिल्वोका’ म्हणतात. दरवर्षी ते पोर्ट व्हिलात जमतात, आपापली टिपणं वाचतात. १९९४ पासून बायकांचा वेगळा गट आहे. आता बाहेरच्याने संशोधन केलं तर त्याची प्रत सेंटरला द्यावीच लागते.

मंगळवार, मालाकुला

सकाळच्या छोट्या विमानाने नॉर्सुप. धावपट्टी समुद्राला लागून आणि पुढे मैलोन्‌मैल नारळ. ट्रकच्या हौद्यात बसून लाकातोरोमार्गे ईशान्य किनारा गाठला. वाटेत नीरफणस, अळू, केळी आणि काठ्यांवर चढवलेले कोनफळाचे वेल. कोकणातल्या कुठल्याही वाडीत हे सगळं सापडेल. जुन्या वर्णनांत याच किनाऱ्यामागचा हिरवा पट्टा म्हणजे ‘गर्द, अंधारं, भयाण जंगल’. ट्रकचालकाने बोटाने दाखवलं: ती आमची बाग, ती मामाची, ती यंदा पडीक टाकलेली. जहाजाच्या कठड्यावरून हे कसं दिसणार?

मार्टिन आणि ओसा जॉन्सन हे अमेरिकन जोडपं १९१७ मध्ये कॅमेरा घेऊन याच बेटाच्या उत्तरेला उतरलं होतं. बिग नांबास लोकांच्या निहापात या प्रमुखाला त्यांनी चित्रित केलं. तिथून आपण जेमतेम निसटलो, असं ते सांगत. १९१८ च्या त्यांच्या चित्रपटाच्या नावातच नरभक्षक होते आणि निहापातचा चेहरा जाहिरातींत झळकला. पण १९१९ मध्ये ते परत आले, पडदा आणि यंत्र घेऊन, आणि त्याच लोकांना त्यांचंच चित्रण किनाऱ्यावर दाखवलं. त्या रात्रीची हकिकत सांगितली जाते ती जॉन्सनच्या बाजूने, ‘रानटी लोक थक्क झाले’ अशी. मला त्या रात्रीविषयी निहापातकडून ऐकायला आवडलं असतं. बंदुकांचे व्यवहार करणारा, दोन युरोपीय सत्तांना आपल्या डोंगरात पाय ठेवू न देणारा माणूस होता तो. पडद्यावर स्वतःला पाहून त्याने काय हिशेब केला असेल?

बुधवार, आचिन

किनाऱ्यावरून होडीने थोड्याच वेळात आचिन. पलीकडे वाला, रानो, वाओ अशी आणखी चिमुकली बेटं दिसतात. १९१४ मध्ये जॉन लेयार्ड हा बावीस वर्षांचा तरुण डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या नामांकित अभ्यासकाबरोबर इथे आला. रिव्हर्स काही दिवसांतच मिळालेल्या बोटीने निघून गेला आणि लेयार्ड एकटाच राहिला, सुमारे वर्षभर. इथली भाषा शिकला, नाचात उतरला, मेणाच्या नळकांड्यांवर गाणी घेतली, काचेच्या पट्ट्यांवर चारेकशे छायाचित्रं काढली. त्या पट्ट्या केंब्रिजच्या संग्रहालयात आहेत.

बॅक्स्टरच्या चित्रांशेजारी लेयार्डची छायाचित्रं ठेवली की फरक लगेच कळतो. लेयार्डच्या कॅमेऱ्याला माणसं टाळत नाहीत आणि त्याच्यासाठी सजून उभीही राहत नाहीत. नाचणारे पुसट आलेत, कोणाची पाठ आहे, एखादं पोर मध्येच शिरलंय. काढणारा नाचाच्या मैदानात, माणसांच्या गर्दीत उभा होता. म्हणून तो निष्पाप ठरतो असं नाही. त्याच्यामागेही साम्राज्यच होतं. पण एकाच्या कामाला दुसऱ्याच्या तागडीत घालून सरसकट ‘वसाहतवादी’ म्हणून टाकणं मला पटत नाही.

ज्या वृद्ध गृहस्थांच्या घरी आम्ही बसलो, त्यांना ही छायाचित्रं आधीच माहीत होती. प्रती पोर्ट व्हिलामार्फत इथवर आलेल्या आहेत. मी माझ्या प्रती चटईवर मांडल्या. मी चेहऱ्यांकडे बघत होते. ते बघत होते मागच्या दगडांकडे. हा उभा दगड कोणाच्या नावाने रोवला, त्या वेळी किती डुकरं मारली गेली, ढोल कुठल्या झाडाचा. इथे ‘माकी’ या विधीत माणूस सुळेदार डुकरं बळी देत देत दर्जा चढतो. डुकराचे वरचे सुळे काढून टाकले की खालचा सुळा अडत नाही. तो वर्षानुवर्षं वाढत वाढत पुरा गोल फिरतो. असा एक सुळा म्हणजे कित्येक वर्षांची देखभाल, बायकांनी हाताने भरवलेले घास. देशाच्या झेंड्यावर तोच सुळा आहे. छायाचित्रात मला जो ‘विधीचा प्रसंग’ दिसत होता, तो त्यांना खातेवहीसारखा वाचता येत होता: कोणी कोणाला काय दिलं, काय फिटलं, काय अजून देणं आहे. एका चित्रावर ते बराच वेळ बोलले आणि मग सुनेला हाक मारून म्हणाले, हे मोठं करून घ्यायला हवं, जमिनीच्या वादात कामाला येईल.

शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्राचा असा उपयोग मी कुठल्याही संग्रहालयाच्या माहितीपत्रात वाचला नव्हता.

संध्याकाळी नाचाच्या मैदानावर नेलं. प्रचंड वड, पारंब्यांचे खांब झालेले, खाली कलते ढोल. जेवायला लापलाप: किसलेलं कोनफळ, नारळाचं दूध, पानांत बांधून तापल्या दगडांवर भाजलेलं. दोनदा घेतलं.

गुरुवार

पोर्ट व्हिलामार्गे तन्ना. दिवस विमानतळांवर गेला.

शुक्रवार, तन्ना

गाडीने बेट आडवं ओलांडून पूर्व किनाऱ्याला. मधे यासुर ज्वालामुखीच्या पायथ्याचं राखेचं काळं मैदान लागतं, एक झुडूप नाही. मग एकदम हिरवाई आणि पोर्ट रेझोल्यूशनचा उपसागर. ऑगस्ट १७७४ मध्ये कॅप्टन कुकचं जहाज इथे नांगर टाकून होतं. आता मोठं जहाज आत येऊच शकत नाही. १८७८ च्या भूकंपांत तळ वर उचलला गेला. काठावर कढत पाण्याचे झरे आहेत, बायका तिथे पाल्यात बांधलेले कंद शिजवत होत्या. कुकच्या लोकांनी याच झऱ्यांचं तापमान मोजलं होतं.

कुकबरोबर विल्यम हॉजेस हा चित्रकार होता. तन्नाला उतरतानाचं त्याचं चित्र माझ्या पिशवीत आहे: मागे धूर ओकणारा डोंगर, किनाऱ्यावर शस्त्रं घेतलेली गर्दी, मधे होडी. गंमत अशी की कुकच्या रोजनिशीत याच प्रसंगी लोक दोन गटांत उभे राहिल्याचं आणि मधल्या मोकळ्या जागेत केळी व कंद मांडून ठेवल्याचं लिहिलंय. मी त्या वाळूवर उभी राहून चित्र आणि किनारा ताडून पाहिला. तिथे उभं राहिल्यावर लक्षात येतं की ही मांडणी म्हणजे रीतसर शिष्टाचार आहे: इथपर्यंत या, हे घ्या, याच्या पुढे नाही. पाहुण्यांनी ज्वालामुखीवर जायचा हट्ट धरला तेव्हाही लोकांनी त्यांना परत फिरवलं आणि कुक शेवटपर्यंत वर पोचला नाही. तिथे कोणी जावं यावर आजही गावांचाच शब्द चालतो.

त्या जहाजावर जॉर्ज फॉर्स्टर नावाचा एकोणीस वर्षांचा निसर्ग-अभ्यासक होता. १७७७ मध्ये आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात त्याने हॉजेसच्या टोंगातल्या एका चित्रावर आक्षेप घेतला, की या माणसांना ग्रीक पुतळ्यांची अंगलट आणि वस्त्रं चढवली आहेत, जी दक्षिण समुद्रात कधी नव्हतीच. म्हणजे चित्र खोटं आहे हे सांगणारा माणूस त्याच जहाजात होता. तन्नाविषयी त्याने लिहिलेला भाग मी इथे येऊन पुन्हा वाचला. तो टेकडीवरच्या मळ्यांतून एकटाच फिरत होता. नीट राखलेल्या बागा, कामावरच्या माणसाचं गाणं, झाडांतून दिसणारा समुद्र. इतक्या दिवसांत आपल्यात आणि या लोकांत विश्वास निर्माण झाला, या समाधानात तो खाली उतरला. वाटेत गवतावर दोघे जण बसले होते, मांडीवर मेलेला सोबती. जहाजाच्या पहारेकऱ्याने त्याला गोळी घातली होती. त्या क्षणाचं चित्र हॉजेसने काढलं नाही. बॅक्स्टरच्या एरोमांगोच्या चित्राची जोडी खरं तर याच्याशी लागली असती.

संध्याकाळी गावच्या नाकामालवर, म्हणजे जमायच्या जागी, वडाखाली, पुरुष कावा हे मुळांपासून केलेलं गुंगी आणणारं पेय प्यायला जमले. तन्नाला ती जागा त्या वेळी बायकांची नव्हे. आतेभाऊ गेला, मी यजमानीणबाईंबरोबर कोनफळं सोलत बसले. तिने मोबाइलवर मला एक पर्यटन जाहिरात दाखवली: पिसं खोवलेला, गवती झगा नेसलेला नाच, खाली ‘काळ थांबलेली भूमी’ अशा अर्थाचा मजकूर. नाचणारा तिचा दीर होता. नाच खरा आहे, ती म्हणाली, पैसेही गावाला मिळतात, पण तो बँकेत नोकरी करतो हेही लिहायला हवं होतं. मार्टिन जॉन्सनच्या जाहिरातीपासून या जाहिरातीपर्यंत शंभर वर्षं गेली तरी मजकूर लिहिणाऱ्याची जागा हललेली नाही, आणि याचा मला राग येतो.

रात्री यासुरच्या कड्यावर. जमिनीतून येणारा तो आवाज पोटात जाणवतो.

शनिवार, एरोमांगो

डिलन्स बे. नदी समुद्राला मिळते तिथे गाव, मागे उंच कडे. विल्यम्स मारला गेला तो हाच किनारा. बॅक्स्टरच्या चित्रात जे नाही ते असं: विल्यम्सच्या आधी दशकभर इथे चंदनाचे व्यापारी येत होते. १८२५ मध्ये पीटर डिलन या व्यापाऱ्याला इथे चंदन सापडलं, त्यानंतर जहाजांवर जहाजं आली, हाणामाऱ्या झाल्या, माणसं मेली. किनाऱ्यावर उतरलेला पांढरा माणूस म्हणजे काय, हे एरोमांगोच्या लोकांना १८३९ पर्यंत पुरतं कळून चुकलं होतं. चंदन गेलं, मागून साथी आल्या आणि हजारोंची वस्ती काही शेकड्यांवर आली.

२००९ मध्ये, त्या घटनेला १७० वर्षं झाल्यावर, विल्यम्सचे वंशज इथे आले. गावकऱ्यांनी क्षमा मागितली, वंशजांनी ती दिली. भरपाई म्हणून गावाने एक सात वर्षांची मुलगी रीतीप्रमाणे त्यांच्या हाती सोपवली आणि तिच्या शिक्षणाची जबाबदारी त्या कुटुंबाने घेतली. चंदनाच्या जहाजांच्या वतीने क्षमा मागायला कोणी आलं का, असं मी विचारलं. नाही, असं शांतपणे सांगितलं गेलं.

रविवार, एरोमांगो

चर्चनंतर एका घरी नेमास पाहिलं: झाडाची आतली साल कुटून केलेलं कापड, त्यावर नैसर्गिक रंगांत पानं, मासे, आकृत्या. मिशनच्या काळात ही कला थांबली. पण जुनी कापडं सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये राहिली होती. या शतकाच्या सुरुवातीला एरोमांगोचे लोक तिथे गेले, त्यांनी ती हाताळली, आकृत्यांचे अर्थ लावले आणि परत येऊन पुन्हा साल कुटायला घेतली. बाहेरच्यांनी एरोमांगोची शेकडो चित्रं काढली असतील. एरोमांगोच्या हातचं चित्र हे आहे आणि ते लंडनच्या त्या रंगीत छापाच्याही आधीपासूनचं आहे.

मंगळवार, पोर्ट व्हिला

सेंटरमध्ये जाऊन माझ्या छायाचित्रांची आणि टिपणांची प्रत दिली. प्रत्येक चित्राखाली जागा, कोणाच्या परवानगीने, कोणाला दाखवायचं. आचिनच्या गृहस्थांनी मैदान आणि ढोल दाखवायला हरकत घेतली नव्हती, उभे दगड मात्र त्यांच्या कुळापुरते ठेवायला सांगितले होते. तसं लिहून दिलं. त्यांना हवं असलेलं लेयार्डचं छायाचित्र मोठं करून पाठवायचं काम सेंटरने घेतलं. पुढच्या आठवड्यात मालाकुलाला जाणाऱ्या फिल्वोकाच्या हाती ते जाईल.